मदत हवी आहे: रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर जातच नाही

कोरी_पाटी
साइटचा बॅकअप रोज रात्री २ वाजता आपोआप होऊन दुसऱ्या सर्व्हरवर जातो. म्हणजे जायला हवा. १२ दिवस झाले, तिकडे काही पोचलेलं नाही. त्याआधी स्क्रिप्ट (बॅकअपच्या आज्ञांची फाइल) हाताने चालवली होती तेव्हा नीट चालली (दोन-चार फोल्डरांची कुरकुर सोडली तर), क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, मात्र नाही. स्क्रिप्टमध्ये काहीही बदललेलं नाही. दोन्हीकडे लिनक्स, जागा भरपूर. शुक्रवारी साइट हलवायची आहे, त्यामुळे आजच सुटायला हवं. ट्रान्सफर कसं चालू करायचं तेवढंच सांगा.

टर्मिनल
लॉग काय म्हणतो? क्रॉन कोणाच्या नावावर आहे? ट्रान्सफर कोणत्या साधनाने, आरसिंक, एससीपी की एफटीपी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पाणकोंबडी
स्क्रिप्ट सोडा, वर्डप्रेसचं एखादं बॅकअप प्लगइन टाका. मी तीन साइटवर तेच वापरते. क्लाउडवर आपोआप जातं, टर्मिनल उघडावंच लागत नाही.

रातपाळी
साइट वर्डप्रेसची आहे असं त्यांनी कुठे म्हटलंय? आणि वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन कोणी साइट उघडली तरच जागं होतं. रात्री कोणी फिरकलं नाही तर २ चा बॅकअप सकाळच्या पहिल्या वाचकापर्यंत तसाच अडून राहतो.

पाणकोंबडी
माझ्या साइटवर रात्रीही लोक असतात, मला कधी अडचण आलेली नाही.

कोरी_पाटी
वर्डप्रेस नाही. स्वतः लिहिलेली साइट आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. ट्रान्सफर आरसिंकने, एसएसएचवरून (सुरक्षित जोडणी). लॉग ठेवत नाही. क्रॉन रूटचा (सगळे अधिकार असलेल्या लॉगिनचा) आहे. आधी माझ्या लॉगिनचा होता, पण ते दोन-चार फोल्डर वाचता येईनात म्हणून रूटकडे हलवला.

टर्मिनल
कधी हलवला?

कोरी_पाटी
१२ दिवसांपूर्वी. पण स्क्रिप्ट तीच आहे हो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

टर्मिनल
स्क्रिप्ट तीच असली तरी चालवणारा बदलला ना! तुमची एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे, रूट ती स्वतःच्या होममध्ये शोधतो. शिवाय दुसऱ्या सर्व्हरची ओळख तुमच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये नोंदलेली आहे, रूटच्या नाही. हाताने जोडताना 'यस' टाइप करायला माणूस असतो, क्रॉनमध्ये कोणी नसतं, म्हणून जोडणी तिथेच तुटते. आधी क्रॉनच्या ओळीत लॉग जोडा, त्रुटीसकट, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको.

जुना_खांब
बॅकअप दाबून लहान करायला जीझिप वापरत असाल तर आता सोडा. झेडस्टँडर्डला वेळ खूप कमी लागतो आणि फाइलही लहान होते. मी सगळीकडे तेच केलंय.

कोरी_पाटी
लॉग जोडला. रोजची वेगळी फाइल व्हावी म्हणून नावात तारीख घातली आणि वेळ पाच मिनिटांनंतरची दिली. आता तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही! लॉगसुद्धा बनला नाही. आधी निदान इकडच्या सर्व्हरवर तरी फाइल बनत होती.

रातपाळी
तारखेच्या आज्ञेत % आहे ना? क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या ओळी असतात ती फाइल) % म्हणजे नवी ओळ. पहिल्या % च्या पुढचा सगळा मजकूर आज्ञेचा भाग राहतच नाही, तो तिला इनपुट म्हणून जातो. तुमची आज्ञा कंसाच्या मध्येच तुटली. प्रत्येक % च्या आधी उलटी तिरकी रेघ (\) द्या, नाहीतर तारीख क्रॉनटॅबमधून काढून स्क्रिप्टमध्ये न्या. तिथे % ला काही होत नाही. या एका चिन्हापायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे, म्हणून लगेच ओळखलं.

आणि इकडे फाइल बनत होती म्हणता, तिचा आकार किती?

कोरी_पाटी
\ दिल्यावर चालली. लॉगमध्ये दोन त्रुटी आहेत. पहिली डेटाबेसची, 'ऍक्सेस डिनाइड', शेवटी 'युझिंग पासवर्ड: नो'. दुसरी 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड', म्हणजे दुसऱ्या सर्व्हरची ओळख पटली नाही. आकार २० बाइट. सगळ्यांचा २० च आहे. मी आजवर फक्त नावं बघत होतो.

टर्मिनल
मग ट्रान्सफर ही दुसरी अडचण झाली. पहिली ही की १२ दिवस बॅकअपच झालेला नाही. डेटाबेसचा पासवर्डही तुमच्याच होममधल्या माय-सीएनएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये असणार, रूटला तो मिळाला नाही. डंप (डेटाबेसची प्रत काढणं) फसला, पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट पुढच्या आज्ञेला देणारी जोडणी) जीझिपकडे काहीच आलं नाही, आणि 'काहीच नाही' हे जीझिपने नीट गुंडाळून ठेवलं. २० बाइट म्हणजे रिकामं जीझिप. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो, जीझिप यशस्वी झालं म्हणून स्क्रिप्ट पुढे गेली. बॅशमध्ये वर 'पाइपफेल' चालू करा, म्हणजे मधली आज्ञा फसली तरी पाइप फसला असं धरलं जाईल.

जुना_खांब
जीझिपच्या टी पर्यायाने रोज फाइल तपासून घ्यायची, प्रश्न मिटला.

रातपाळी
नाही मिटत. रिकामी जीझिप फाइल त्या तपासणीत पास होते, कारण जीझिप म्हणून ती निर्दोषच असते. त्यापेक्षा उघडून शेवटची ओळ बघा. मायएसक्यूएलचा डंप पूर्ण झाला की शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशी टीप येते. ती नसेल तर तो बॅकअप धरू नका.

कोरी_पाटी, स्क्रिप्ट जुन्या फायली पुसते का? आणि आरसिंकला 'डिलीट' (इकडे नाही ते तिकडूनही पुसणं) दिलंय का?

कोरी_पाटी
हो. ७ दिवसांपेक्षा जुन्या पुसते, मग आरसिंक, डिलीटसकट. दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून. किल्ली रूटच्या होममध्ये कॉपी केली आहे, आता चालवू का?

रातपाळी
चालवू नका! क्रॉनची ओळ आत्ता बंद करा. इकडच्या चांगल्या फायली केव्हाच पुसल्या गेल्या आहेत, उरल्यात त्या २० बाइटच्या. आरसिंक चाललं की 'दोन्हीकडे सारखं' करताना तिकडच्या चांगल्याही पुसून टाकेल. ट्रान्सफर बंद पडलं म्हणूनच त्या आजपर्यंत टिकल्या. तिकडे लॉगिन करून फक्त यादी बघा.

कोरी_पाटी
तिकडे ८ फायली आहेत. प्रत्येकी ३४० एमबीच्या आसपास. सगळ्या १२ दिवसांपूर्वीच्या किंवा त्याआधीच्या. आधी त्या वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करतो.

पाणकोंबडी
बापरे. माझं प्लगइन जुन्या प्रती पुसतं का ते आता मलाही बघायला हवं.

टर्मिनल
कॉपी झाली की क्रॉन परत स्वतःच्या लॉगिनला घ्या, त्या फोल्डरांना गटाची वाचायची परवानगी द्या. एवढ्यासाठी रूट नको. आणि पुसण्याची ओळ डंप तपासून झाल्यावरच, तीही प्रत्येक सर्व्हरवर वेगळी. आरसिंकमधलं डिलीट काढा.

रातपाळी
मी तर म्हणेन पाठवणंच बंद करा. बॅकअप सर्व्हरने येऊन ओढून न्यावं. पाठवायची किल्ली साइटच्या सर्व्हरवर असेल तर साइटमध्ये घुसणारा बॅकअपपर्यंतही पोचतो.

टर्मिनल
तत्त्व पटतं, पण मग बॅकअप सर्व्हरची किल्ली सगळ्या साइटना उघडणार. तो फुटला तर? शुक्रवारच्या आत हा बदल करायला मी सांगणार नाही.

रातपाळी
किल्लीला एकच आज्ञा आणि एकच फोल्डर बांधून देता येतं, तेही फक्त वाचण्यापुरतं. पण शुक्रवारनंतर करा, हे मान्य.

जुना_खांब
गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटचं असंच झालं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला आणि तेव्हा कळलं की रोजचा डंप होतच नव्हता. डंप काढणारं साधन (पीजी-डंप) ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६ चा. फसल्याच्या मेलही डीमार्कमुळे (मेल खरा कोणाचा ते तपासणारी पद्धत) नाकारल्या जात होत्या. सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून डेटाबेस परत उभा केला.

कोरी_पाटी
क्रॉन माझ्या लॉगिनला घेतला, पाइपफेल लावलं, डिलीट काढलं. नवा डंप ३४६ एमबी, शेवटी 'डंप कम्प्लीटेड' आहे. तिकडे पोचला. जुन्या ८ पैकी सगळ्यात अलीकडचा रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून पाहिला, सगळी टेबलं आली. टर्मिनल, रातपाळी, मनापासून आभार. मी फक्त ट्रान्सफरचं विचारत राहिलो होतो, तेवढंच सुरू केलं असतं तर या ८ फायली गेल्या असत्या.

अजून एक. अपलोडचं फोल्डर ६० जीबी आहे, तेही रोज जायला हवं का?

टर्मिनल
त्याला आरसिंक पहिल्यांदाच वेळ घेईल, नंतर फक्त बदललेलं जाईल. पहिली फेरी आज रात्रीच लावा, शुक्रवारची वाट बघू नका.