मदत हवी आहे: शब्द वाचतात, परिच्छेदाला अडतात

हडपसरला मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. ‘असर’ या वाचन-सर्वेक्षणासारखे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर तपासून गट केले. अक्षरगट भराभर पुढे गेला, शब्दगट मात्र जागचा हलेना. सुटे शब्द येतात; वाक्यात ‘प्रकाश’ आला की ‘परकाश’, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली. जोडाक्षरांचे तक्ते, जोडीवाचन करून झालं. तक्ते तेवढे पाठ झाले! बऱ्याच जणांच्या घरी कन्नड किंवा हिंदी. मी एकटीच, रोज पाऊण तास. मोबाइलचे उपाय नकोत. स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी छापून घेता येतील. या गटाची आधी जोडाक्षरं पक्की करू, की सोपी गोष्ट पुन्हापुन्हा वाचून घेऊ? आणि तोवर गोष्टगटाला कशात गुंतवू?