रानडुकरांसाठी आवाजाचं मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?

वारणाकाठ, शिराळा
डोंगराकडेला दीड एकर भुईमूग आहे, शेंगा भरायला लागल्यात. परवा रात्री डुकरांनी बांधाकडच्या सहा ओळी नांगरल्यागत उलथून टाकल्या. वडील माळ्यावर बसून डबा वाजवतात, हाळी देतात; पण सत्तरीला आलेत आणि शेजारच्या उसात बिबट्या दिसलाय, त्यांना एकटं सोडवत नाही. दुकानात माणसाला ऐकू न येणारं अल्ट्रासॉनिक दाखवलं आणि कुत्रं, बंदुकीचा बार, वाघ असे आवाज भरलेला भोंगा. एकानं सांगितलं, बिबट्याच्या मादीचा आवाज लाव. काय करू?

कराडचा रेडिओवाला
दादा, अल्ट्रासॉनिकवर पैसे घालू नका. तो बारीक आवाज हवेतच विरतो, पाल्याआड जात नाही. भोंगाच घ्या, 12 व्होल्ट बॅटरीवरचा. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो, म्हणून मधोमध एक मोठा लावण्यापेक्षा दोन टोकांना दोन लहान लावा, तोंडं डोंगराकडं. वाघाच्या डरकाळीला भुलू नका. खालचा सूर लहान भोंग्यातून निघतच नाही, पत्रा वाजल्यागत येतो.

खरी गोष्ट टायमरची. माझ्याकडं दुरुस्तीला आलेलं एक मशीन दर दहा मिनिटांनी तेच कुत्रं भुंकवायचं. मालक म्हणाले, आठवडाभर डुकरं पळाली, मग भोंग्याच्या खांबाखालीच उकरायला लागली. वेळ मागंपुढं होणारा टायमर आणि आवाज बदलता येणारं मेमरी कार्ड असेल तरच घ्या. भोंग्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. त्या मशीनचा भोंगा खोलला तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, निम्मा आवाज तिथंच अडलेला. आणि अधूनमधून हातात टॉर्च घेऊन दोघा-तिघांनी खरंच चक्कर मारा. आवाजामागं माणूस येतो हे डुकराला कळलं पाहिजे.

ऊसवाली, वाळवा
भाऊ, बिबट्याचा आवाज अजिबात लावू नका. मादीची हाक ऐकून नर येईल, म्हणजे नको तो पाहुणा तुम्हीच बोलावला. आमच्याकडं तोडणीत फडात पिल्लं सापडली होती. टोळी मागं घेतली, पिल्लं होती तिथंच राहू दिली, रात्री आई येऊन घेऊन गेली. त्याला डिवचायचं नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. दिसला की वनखात्याला 1926 वर फोन करा. उलथलेल्या ओळींचे फोटो काढून ठेवा आणि आजच वनरक्षकाला कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. वडिलांना माळ्यावरून घरी आणा, आधी ते.

वारणाकाठ, शिराळा
वनरक्षक उद्या सकाळी येतायत. दोन भोंगे सांगितलेत, जाळीसकट. आज वडिलांना मोबाइलसमोर बसवून त्यांची हाळी भरून घेतली, डब्याच्या आवाजासकट, सात वेगवेगळ्या. आता ते घरात झोपतील.