मदत हवी आहे : पणजोबांची मोडीतली वही आणि जुने सॅनिटरी इन्स्पेक्टर
नमस्कार मंडळी. माझे पणजोबा पुणे नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. कसब्यातला वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची खिशात मावेल एवढी वही सापडली. मजकूर मोडीत, पेन्सिलीने लिहिलेला. काकांना जेमतेम दोन ओळी लागल्या : 'मागचा बोळ, मोरी तुंबली. चुना टाकविला.' एका पानावर बोटाचा पांढरा ठसा अजून आहे. तो पाहून गलबलून आलं.

या पेशाची सुरुवात मी वाचली आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराने १८४६ चा स्वच्छतेचा कायदा करून घेतला आणि डॉ. डंकन आरोग्य अधिकारी झाले. पण तळघरांत, मोऱ्यांत प्रत्यक्ष उतरायचे ते तिथले इन्स्पेक्टर थॉमस फ्रेश. आपल्याकडे मात्र १८९७ ची प्लेगची साथ म्हटलं की रँड आणि चापेकर बंधूच आठवतात. घरझडतीचा तो जुलूम विसरण्यासारखा नाहीच. पण त्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षं, शेतखाने (संडास) आणि मैल्याच्या गाड्या रोज पाहणाऱ्यांबद्दल कुठे काही सापडत नाही. टोपल्या डोक्यावर वाहणाऱ्यांची तर नावंही नाहीत, आणि मला ती या वहीत शोधायची आहेत.

पेन्सिलीची, घाईतली मोडी वाचणारं कुणी पुण्यात आहे का? योग्य मानधन देईन. नगरपालिकेचे तेव्हाचे आरोग्य अहवाल कुणी पाहिलेत का, आणि कुठे? शिवाय पानं कडेने तुटू लागली आहेत. स्कॅन करण्याआधी काय काळजी घ्यावी?