बाबांच्या नावचं वावर, थोरल्या भावाच्या हाती मुखत्यारपत्र : सल्ला पाहिजे

पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या तोंडावर बाबांना ब्रेन स्ट्रोक झाला. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि बोलणं गेलं. वावर त्यांच्याच नावावर, त्यांनीच विकत घेतलेलं. तब्येत चांगली होती तेव्हा त्यांनी थोरल्या भावाला विक्रीच्या अधिकारासकट मुखत्यारपत्र रजिस्टर करून दिलं होतं. आता दवाखान्याचं देणं फेडायला भाऊ विहिरीजवळचे दोन एकर गावातल्याच एकाला विकायला निघाला आहे. बहीण म्हणते कोर्टात जा, असं मुखत्यारपत्र चालत नाही. यूट्यूबवर 'ड्युरेबल पॉवर ऑफ अॅटर्नी' असं काही सांगतात, आपला कागद त्यात बसतो का? कोर्ट मधात आलं की वावर अडकून पडते म्हणतात, तेही सांगा. आणि वकील कसा पाहावा? तालुक्याचा की नागपूरचा?

मोर्शीकर
इसार घेऊ देऊ नका बाप्पा. बाकी मागून पाहू.

काळा कोट, नागपूर
आधी हे सांगा, बाबांना समजतं का? बोलणं गेलं म्हणून समज गेली असं धरू नका. विचारलेलं कळत असेल, डाव्या हातानं खूण करून हो-नाही ठामपणे सांगत असतील, तर मुखत्यारपत्र जिवंत आहे आणि कोर्टाची गरज नाही. तरी विक्री करायचीच असेल तर बाबांनीच खरेदीखत करून द्यावं. ऑफिसात येता येत नसेल तर दुय्यम निबंधक गृहभेटीला घरी येतात, 1908 च्या नोंदणी कायद्यात ती सोय आहे. न्यूरोलॉजिस्टचा त्याच सुमाराचा दाखला जोडा.

समजतच नसेल तर गोष्ट वेगळी. करार कायदा 1872, कलम 201 : मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. रजिस्टर केलेलं असो, 'मी आजारी पडलो तरी चालू राहील' असं लिहिलेलं असो, त्यावर विसंबून विक्री करू नका. ड्युरेबल म्हणजे देणाऱ्याची समज गेली तरी चालू राहणारा, हा अमेरिकेतला कागद. इंग्लंडात 2005 च्या कायद्यानं तशीच लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी आली. ती तिथल्या पब्लिक गार्डियनच्या कार्यालयात नोंदवावी लागते आणि मुखत्यारानं गडबड केली तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शन त्याला काढून टाकू शकतं. आपल्या कायद्यात तसा कागद नाही.

घेणारा गावातलाच आहे हे तर जास्त अडचणीचं. कलम 208 प्रमाणे अधिकार संपल्याचं ज्याला माहीत नाही त्याला संरक्षण मिळतं. तुमच्या शेजाऱ्याला बाबांची अवस्था माहीत नाही, हे कोणतं कोर्ट ऐकेल?

कास्तकार पोट्टा
आमच्या मोठ्या बाबाच्या वेळी आम्ही तसंच इकलं जी. मुखत्यारानं सही केली, फेरफारही झाला. काही झालं नाही. काहून उगाच कोर्टाच्या फंदात पडता?

काळा कोट, नागपूर
भाऊ, सगळे वारस गप आहेत तोवर काही होत नाही. इथं बहीण आजच नाही म्हणते आहे.

वणीची मावशी
जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडून माझ्या भाच्याचं पालकपत्र झालं. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, बहिणीमागे मीच पाहते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागली, आणि दरवर्षी मार्च संपला की तीन महिन्यांत हिशोब. आधी मला अपमान वाटला, घरच्या पोराचा हिशोब परक्याला काय द्यायचा? आता तीच वही माझ्या कामी येते. डाव्या पानावर जमा : तुरीची हिशोबपट्टी, मक्त्याचे पैसे. उजव्या पानावर डायपर, फिटची गोळी, ऑटोभाडं, सगळ्या पावत्या खळीनं चिकटवलेल्या. मागच्या वर्षी दीर 'मावशीनं पैसे खाल्ले' म्हणाले. मी वही पुढे सरकवली. दोन पानं पाहून चहा पिऊन गेले.

काळा कोट, नागपूर
मावशी, वहीचं अगदी बरोबर. पण ती कमिटी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालची : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता. म्हातारपणी स्ट्रोक आलेल्या माणसाला सहसा तो रस्ता लागत नाही.

पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. 2017 च्या नव्या कायद्यात ते प्रकरणच नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारापुरता, सातबाऱ्यावर त्याचं काही चालत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, पण ते त्या माणसाशी सल्लामसलत करून निर्णय घेण्यासाठी. म्हणून शुद्ध हरपलेल्या माणसासाठी घरचे लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका घेऊन हायकोर्टात जातात. तुमच्यासाठी नागपूर खंडपीठ. कोर्ट मेडिकल बोर्डाचा अहवाल मागवतं, बाकी वारसांची हरकत आहे का पाहतं, मग पालक नेमतं.

वावर कोर्टाकडे जात नाही, बाबांच्याच नावावर राहतं. लक्ष मात्र राहतं. केरळ हायकोर्टानं 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकांना दर सहा महिन्यांनी व्यवहारांचा अहवाल द्यायला लावलं. मुंबई हायकोर्टानं 2020 च्या एका प्रकरणात बायकोला पालक नेमलं आणि तिच्या कामावर विधी सेवा प्राधिकरणाला नजर ठेवायला सांगितलं. विक्रीची परवानगी याचिकेतच मागा, गट नंबर, देण्याची बिलं, अपेक्षित किंमत लिहून. उरलेली रक्कम बाबांच्या खात्यात ठेवतो हेही लिहा. मोघम 'सर्व अधिकार द्यावेत' असं लिहिणारा वकील नको. खंडपीठात रिट चालवणारा पाहा. पहिल्या भेटीत तो वारसांची यादी आणि डॉक्टरचे कागद मागतो का, तेवढं बघा.

फी झेपत नसेल तर आईला अर्जदार करा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती बसते, तिथून सुरुवात करा.

पऱ्हाटीवाला, दारव्हा तालुका
फार उपकार झाले. बाबा आईकडे पाहून मान हलवतात, पण कालचं आज आठवत नाही. सोमवारी न्यूरोलॉजिस्टकडे नेतो, दाखला काय मिळतो पाहू. भावाला हा धागा वाचून दाखवला, तो इसारावर थांबला आहे, पण रागात आहे. म्हणतो, मग उभी तूरही विकायची नाही का?

काळा कोट, नागपूर
सोंगा, विका. कलम 209 : अधिकार संपला तरी हातात असलेली मालमत्ता सांभाळायची जबाबदारी मुखत्यारावर राहते. उभं पीक वाळवून टाकणं म्हणजे सांभाळणं होत नाही. हिशोबपट्टी बाबांच्या नावानं घ्या, चुकारा त्यांच्याच खात्यात जाऊ द्या, आणि पट्टीचा फोटो त्याच दिवशी बहिणीला पाठवा.

मोर्शीकर
भावालाच पाठवू द्या तो फोटो.