जीनोफेज हा नुसता हिशोब नाही

वर एकाने लिहिलंय की मास इफेक्ट या व्हिडिओ गेममधला जीनोफेज (क्रोगन या परग्रही जातीची प्रजननक्षमता मुद्दाम घटवणारा जैविक बदल) हा साधा हिशोब आहे, क्रोगन वाढले असते तर आकाशगंगा उरली नसती. मला हे अजिबात पटत नाही. हजारातला जेमतेम एक गर्भ जगणार, हे कागदावर लिहायला सोपं. २०१० च्या दुसऱ्या भागात तुचांका या क्रोगनांच्या ग्रहावरच्या पडक्या दवाखान्यात प्रयोगात मेलेली क्रोगन बाई दिसते. मॉर्डिन हा शास्त्रज्ञ, ज्याने स्वतः जीनोफेज सुधारून पक्का केला, तिच्यापाशी थांबतो आणि तिला शांती मिळो म्हणतो. काम गरजेचं होतं हेही तो सोडत नाही. दोन्ही एकाच माणसात! (माणूस कसला, सॅलेरियन, म्हणजे दुसरी परग्रही जात.)

मॉर्डिनचा शिष्य मेलॉन याने त्या प्रयोगांतून जमवलेला उपचाराचा डेटा ठेवायचा की नष्ट करायचा, यावर अमळनेरला चुलतभावाशी माझं चांगलंच वाजलं. "जाळनं पाप शे भाऊ," तो म्हणे. ठेवला. जाळला असता तर तिसऱ्या भागात ईव्ह ही क्रोगन बाई वाचत नाही.

क्रोगन वाढण्याची तुमची भीतीही खेळ खोटी ठरवत नाही, हे मात्र मान्य. क्रोगनांचा नेता रेक्स आणि ईव्ह दोघंही नसतील तर मॉर्डिनला जीनोफेजवरच्या उपचारापासून परावृत्त करता येतं, कारण मग क्रोगनांना आवरणारं कुणी उरत नाही. पण तो हिशोब जिवंत माणसांवर अवलंबून आहे, जातीवर नाही.