शिकवणीतलं प्रेम आणि शेवटच्या तुकडीतली मुलगी

शिकवणीवाल्या लव्हस्टोरीत मुलगी हुशार, मुलगा खेळाडू आणि अभ्यासात ढ, परीक्षा संपली की गोष्टही संपली, असं म्हणतात ते बऱ्याच अमेरिकन पुस्तकांबाबत पटतं, पण काओरू तादाच्या 'इताझुरा ना किस' या जपानी मांगात, म्हणजे चित्रकथेत, १९९० पासूनच हे उलटं आहे. नायिका कोतोको एफ वर्गातली, म्हणजे मार्कांवरून पाडलेल्या वर्गांतल्या अगदी शेवटच्या, आणि तिला आवडणारा इरिए ए वर्गातला, कायम पहिला. ती पत्र द्यायला जाते, तो हातातसुद्धा घेत नाही, मग ती पहिल्या शंभरात येऊन दाखवीन म्हणते आणि शेवटी त्याच्याकडूनच शिकते. मला सगळ्यात आवडतं ते हे की गोष्ट तिथे थांबतच नाही, पुढे लग्न होतं, तो डॉक्टर होतो, ती धडपडत नर्स होते. तादा १९९९ मध्ये गेली त्यामुळे मांगा अपूर्ण राहिला, तरी २००५ मध्ये तैवानने आणि २०१० मध्ये कोरियाने त्यावर मालिका केल्या.

आपल्याकडे तुकड्या होत्याच की, त्यामुळे मला कोतोको लगेच कळली. मी 'ड' मधली, दहावीला 'अ' मधला एक मुलगा मला भूमिती शिकवायचा, प्रमेयात जिथे अडायचे तिथे वहीच्या कडेला पेन्सिलीने बारीक बाण काढून 'इथून परत' लिहायचा, कधी चिडला नाही. आमचं पुढे काही झालं नाही, पण ती वही मी अजून रद्दीत दिलेली नाही.