मांजर सोफा ओरबाडते; आणलेला खांब तिला का नको आहे?

अबोली :

नमस्कार. आमच्याकडे ठकी नावाची साधारण दहा महिन्यांची मांजर आहे. गेल्या पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ती भिजून बसलेली सापडली आणि तेव्हापासून ती पूर्णपणे घरातच असते. तिची नसबंदी झालेली आहे, लसी वेळेवर दिलेल्या आहेत आणि खाण्यापिण्याबाबत तिची कसलीच तक्रार नाही. तक्रार आमची आहे, आणि ती सोफ्याविषयी आहे.

दिवाळीपूर्वी आम्ही बैठकीतल्या जुन्या सागवानी सोफ्याला नवे कापड घालून घेतले. जाड विणीचे, खरखरीत कापड अधिक टिकेल, असे सोफेवाल्याने सांगितल्यामुळे तेच निवडले. महिनाभरात दाराकडच्या हाताची बाहेरची बाजू इतकी उसवली की आतला फोम दिसू लागला. दुसऱ्या टोकाच्या हाताला मात्र आजतागायत एकही ओरखडा नाही. तिच्या वेळाही ठरलेल्या आहेत. पहाटे साडेपाचला सासरे चहा ठेवायला उठले की ठकी सोफ्यावरून खाली उतरते, मागचे पाय रोवून पुढचे दोन्ही पंजे हाताच्या वरच्या कडेत अडकवते आणि सगळे अंग ताणत सात-आठ वेळा खसाखसा ओढते. संध्याकाळी मी कुलूप उघडून आत पाऊल ठेवले की पुन्हा तेच, आणि तेही माझ्याकडे बघत.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून दोर गुंडाळलेला, 45 सेंटीमीटर उंचीचा एक खांब आणला होता. बैठकीत तो शोभत नाही म्हणून बाल्कनीत ठेवला. पहिल्याच दिवशी ठकीने पंजा लावताच तो कलंडला आणि त्यानंतर ती त्याच्याकडे फिरकलेली नाही. तिचे पंजे धरून मी ते त्यावर घासून दाखवले, तर ती दिवसभर पलंगाखाली जाऊन बसली. पाण्याचा फवारा मारून पाहिला. आता ती मी खोलीतून बाहेर जाण्याची वाट पाहते, एवढाच काय तो फरक. शेजारच्या काकूंनी सोफ्यामागे डांबराच्या गोळ्या ठेवण्यास किंवा निलगिरीचे तेल शिंपडण्यास सुचवले आहे, तर एका परिचितांच्या मते नखे शस्त्रक्रिया करून कायमची काढून टाकावीत. सासूबाईंचे म्हणणे अगदीच वेगळे आहे : कोकणात त्यांच्या माहेरी मांजरे परसातल्या फणसाच्या खोडावर नखे पारजत असत आणि त्याची चर्चा करावी असे कोणाला कधी वाटले नव्हते.

आणखी एक शंका आहे. काल सोफ्याच्या धाग्यांत चंद्रकोरीच्या आकाराचे, पोकळ, अर्धपारदर्शक असे काहीतरी अडकलेले सापडले. तिचे नख तुटले असावे का? ती लंगडत नाही, रक्तही दिसले नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

ओसरी :

अबोलीताई, आधी त्या चंद्रकोरीविषयी. ते तुटलेले नख नाही. मांजरीच्या नखावर थरावर थर वाढत असतात आणि सर्वांत बाहेरचा जुना थर टरफलासारखा गळून पडतो. तो सुटावा म्हणूनही मांजर नखे ओढते. झोपेतून उठल्यावर खांदे आणि पाठ ताणणे हे दुसरे कारण, आणि तिसरे आपल्याला जाणवतच नाही : पंजांत गंधग्रंथी असतात, त्यांचा वास त्या जागी उमटतो आणि ओरखडे डोळ्यांना दिसणारी खूण म्हणून राहतात. त्यामुळे ठकीची ही सवय मोडण्याच्या फंदात पडू नका. तिला जागा बदलून द्या.

आता तिच्या बाजूने तुमचा सोफा पाहा. तो जड आहे, हलत नाही. ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण लांब होऊ शकेल एवढी उंची त्याला आहे. कापडाची वीण अशी की नख रुतते आणि ओढले की धागा फाटतो. शिवाय तो हात तिच्या झोपण्याच्या जागेला लागून आणि दाराच्या वाटेवर आहे. ती उठते तिथे आणि घरातले माणूस परत येते तिथे, म्हणजे तिच्या लेखी सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी. दुसरा हात भिंतीच्या कोपऱ्यात असेल, तर तो कोरा राहण्याचे कारण हेच. याउलट तुमचा खांब बुटका, डगमगणारा आणि बाल्कनीतला. एकदा अंगावर कलंडलेल्या वस्तूवर ती पुन्हा विश्वास कशाला ठेवेल?

सासूबाईंचा फणस हेच खरे उत्तर आहे. आमच्याकडे मी सुताराकडून दहा सेंटीमीटर व्यासाचा, 80 सेंटीमीटर उंचीचा लाकडी खांब करून घेतला आणि तो कडप्प्याच्या जाड तुकड्यावर पक्का बसवला. त्यावर घायपाताचा आठ मिलिमीटर जाडीचा दोर फट न ठेवता गुंडाळला, दोन्ही टोके चुकांनी ठोकली आणि चुकांची डोकी दोराच्या वेढ्यांखाली लपवली. एवढ्या मापाला साधारण 34 मीटर दोर लागतो. मी प्रथम 20 मीटर आणला आणि दुकानाची दुसरी फेरी झाली. घायपात न मिळाल्यास काथ्याचा दोर चालतो, पण तो लवकर पिंजतो आणि घरभर भुसा होतो. हा खांब सोफ्याच्या त्याच हाताला अगदी चिकटून, दाराच्या बाजूला ठेवा. शोभेचा विचार सध्या बाजूला ठेवावा लागेल. उसवलेल्या भागावर जाड प्लास्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, म्हणजे तिथे पंजा ठेवणे तिला नकोसे होईल. तिने खांबाला पंजा लावला की त्याच क्षणी आवडीच्या खाऊचा एक तुकडा द्या. पंजे धरून शिकवणे मात्र बंद करा. फवाऱ्याने ती एवढेच शिकली आहे की तुम्ही समोर असताना सोफ्याजवळ जायचे नाही.

कडुलिंब :

वरील मताशी सहमत आहे. केवळ धोक्याच्या गोष्टींविषयी लिहितो. डांबराच्या गोळ्या, मग त्या नॅप्थलीनच्या असोत वा अन्य कशाच्या, मांजरांसाठी विषारी असतात. निलगिरी, टी ट्री आणि लिंबूवर्गीय फळांची अर्कतेलेही तितकीच टाळावीत, कारण अशी द्रव्ये पचवून शरीराबाहेर टाकण्याची मांजरीच्या यकृताची क्षमता फार कमी असते आणि अंगाला लागलेले तेल ती चाटून पोटात घेते.

नखे ‘काढणे’ हा शब्द फसवा आहे. मांजरीचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते, त्यामुळे या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर छाटले जाते. ब्रिटनमध्ये यावर बंदी आहे आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने 2019 साली असा कायदा केला. त्याऐवजी दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापा. ठकी पेंगत असताना पंजा हलकेच दाबा, नख बाहेर येईल. आत गुलाबी दिसणारा भाग रक्तवाहिनीचा असतो, त्याच्या अलीकडचे केवळ पांढरे टोक कापावे. एका बैठकीत दोन नखे झाली तरी पुरे.

अबोली :

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. खांब करून घेतला. सासूबाईंनी त्याचे नाव ‘फणस’ ठेवले आहे. पहिले चार दिवस ठकीने त्याचा केवळ वास घेतला. पाचव्या दिवशी पहाटे सासऱ्यांनी मला हाक मारून उठवले आणि दारातूनच बोट दाखवले : ती खांबाच्या टोकाला पंजे लावून लांबच लांब ताणली होती. तेव्हापासून सकाळची वेळ फणसाची झाली आहे. संध्याकाळी मी आल्यावर मात्र पाचातून एक-दोनदा ती अजूनही टेपच्या कडेने सोफ्यालाच हात घालते. नखे कापण्यात सहापर्यंत मजल गेली आहे. आता विचारायचे एवढेच की सोफ्याचे कापड लगेच बदलावे का, आणि खांब थोडा आडोशाला सरकवता येईल का?

ओसरी :

दोन्हींची घाई करू नका. संध्याकाळचे प्रमाण शून्यावर येऊन महिना होऊ द्या, मग खांब रोज दोन-चार बोटे एवढाच सरकवा, आणि दाराच्या वाटेवरून तो पूर्णपणे हलवू नका. फाटलेल्या भागाला तिचा वास असल्यामुळे तो झाकलेलाच ठेवा. नवे कापड घ्याल तेव्हा नखाने ओढून पाहा : मखमलीसारख्या दाट, आखूड लवेच्या कापडात नख अडकत नाही. सोफेवाल्याने टिकाऊ म्हणून दिलेले ते खरखरीत कापड थोडे उरले असेल, तर ते फणसाच्या तळाशी गुंडाळून टाका.